बोडक्या वाकव्याचा टोप

आन्सेल्म तेलेमाकला एकच खोड होती. समोर काही वाढलेलं, लोंबणारं, वाकडंतिकडं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. बाकी माणूस सरळ. दारू सणासुदीला, पत्ते कधीच नाहीत, चर्चमध्ये झोपायचा पण घोरायचा नाही. पण एकदा त्याचा मेव्हणा जेवून पडवीत पसरला असताना आन्सेल्मने त्याच्या मिशीची डावी बाजू उजवीएवढी करायला घेतली, मग उजवी डावीएवढी, असं करत करत मेव्हणा जागा झाला तेव्हा मिशीच उरली नव्हती. मेव्हण्याने वर्षभर अबोला धरला. आन्सेल्मचं म्हणणं एवढंच होतं, "पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही, ते सांगा."

ही खोड चहाच्या मळ्यातली. मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या डोंगरावर आमचं बोआनात गाव, तिथे पूर्वी धुकं आणि चहा सोडून तिसरं काही नव्हतं. पंधराव्या वर्षी आन्सेल्म कात्री घेऊन मळ्यात शिरला आणि अडतीस वर्षं चहाची झुडपं टेबलासारखी सपाट कापत राहिला. पाहुणे आले की मुकादम त्याच्या रांगेवर भरलेला कप ठेवून दाखवायचा. थेंब सांडत नसे.

घरात मात्र एक जागा अशी होती की तिथे त्याची कात्री चालली नाही, आणि ती म्हणजे लोलोतचे केस. लोलोत त्याची बायको. तिचे कुरळे केस एवढे की ती दारातून आत आली की आधी केस यायचे, मग ती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हा मागे कात्री घेऊन उभा राहिला, तेव्हा ती आरशातूनच म्हणाली, "ती जिथून आणलीस तिथे ठेव, नाहीतर मी जिथून आले तिथे जाते." ती आली होती खालच्या वस्तीतून, वाकव्याच्या पानांच्या पिशव्या विणणाऱ्या घरातून. वाकवा म्हणजे आपल्या केवड्याचा इकडचा चुलतभाऊ. तलवारीसारखी लांब पानं, दोन्ही कडांना काटे, डोक्यावर सगळा पसारा. काटे सोलायचे, पानं उन्हात वाळवायची, पट्ट्या फाडायच्या आणि विणायचं. बाजाराच्या त्या पिशवीला तांत म्हणतात, आणि लोलोतच्या तांतेतून वांगी पडली असं कुणी सांगितलेलं नाही.

मळा उठला तेव्हा आन्सेल्म त्रेपन्न वर्षांचा होता. त्याला काम मिळालं ते डोंगरराखण मंडळाचं. या मंडळाने डोंगरमाथ्यावर दोन फुटबॉल मैदानांएवढं जुनं रान जाळी घालून राखलं होतं. हरणं आणि रानडुकरं आत येऊ द्यायची नाहीत, बाहेरून घुसलेले पेरू उपटायचे, आणि मुख्य म्हणजे एका झाडावर लक्ष ठेवायचं. झाड कसलं, दुसऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून उभं राहणारं एक लोळणारं झुडूप. शेंदरी-पिवळी, जाड पाकळ्यांची, घंटेसारखी फुलं. सबंध जगात ते या बेटावरच, आणि या बेटावरही बोटांवर मोजण्याइतकं. त्याचं शास्त्रातलं नाव आन्सेल्मला पेलेना, म्हणून तो त्याला 'मादाम' म्हणायचा. मादामला वर्षाला पंधरा-वीस फळं धरायची, ती कागदी पाकिटात घालून क्युर्पिपच्या रोपवाटिकेत पाठवायची, हा नेम.

आन्सेल्म आला आणि फळं बंद झाली.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, हवामान. दुसऱ्या वर्षी म्हणाले, वादळ. तिसऱ्या वर्षी म्हणाले, आन्सेल्म. त्याच्या आधीचा राखणदार व्हिर्जील म्हणजे आळसाचा पुतळा. सकाळी जाळीचं दार उघडायचा आणि दगडाला टेकून झोपायचा. त्याच्या काळात मादाम भरभरून फळायची. आन्सेल्मने दुकानाच्या बाकावर त्याला गाठलं, चहा पाजला, चणे चारले.

"व्हिर्जील, खरं सांग. तू काय करायचास?"

"काही नाही."

"खत? राख? माशाचं पाणी?"

"अरे बाबा, काही म्हणजे काही नाही. शपथेवर सांगतो."

आन्सेल्म घरी येऊन म्हणाला, "लपवतोय लेकाचा. खाऊन-पिऊन लपवतोय."

त्याने स्वतः काय कमी कष्ट घेतले होते? आल्या आल्या त्याने मादामच्या भोवतीचा पालापाचोळा झाडून अंगण लख्ख केलं. मादामला लागूनच वाकव्यांची दाट राई होती, सगळ्यांची डोकी विस्कटलेली, जुनी पानं झग्यासारखी लोंबलेली. मादामला ऊन-वारा मिळावा म्हणून आन्सेल्मने कोयत्याने एकेका वाकव्याचं डोकं साफ केलं. मधला कोंबच तेवढा ठेवला. चौदा वाकवे लष्करात भरती झाल्यासारखे ओळीने उभे राहिले. कापलेली पानं वाया का घालवा, म्हणून भारे बांधून तो लोलोतला आणून द्यायचा. दर वर्षी पानं वाढायची, दर वर्षी हा भादरायचा. घरात पानांची चंगळ झाली.

चौथ्या वर्षी मादाम फुलायच्या सुमाराला मंडळाची मिस पायनीआंडी आली. तिशीतली बाई, पायात मोठे बूट, गळ्यात भिंग. आन्सेल्मला ती आदराने तोंतों म्हणायची, म्हणजे काका, पण काकांना बोलायचं ते बोलायची.

"तोंतों, मंडळाची बैठक झाली. यंदाही फळ नाही धरलं तर इथे राखणदार ठेवण्यात अर्थ नाही म्हणतात. मादामच्या फांद्या छाटून शहरात नेतील आणि कलमं करतील."

"आणि मी?"

"तुमची तीन वर्षं उरलीत ना निवृत्तीला? ती महामार्गावरच्या चौकात काढायची. मधोमध गोल बाग आहे. तिचं कुंपण कापायचं."

आन्सेल्मने तो चौक पाहिला होता. चारी बाजूंनी ट्रक, धूर, भोंगे, आणि मधे तीन फूट उंचीचं कुंपण, ज्याला कधी फूल येत नाही आणि कुणाला त्याचं नावही माहीत नाही. अडतीस वर्षं कुंपणासारखंच काम केलेला माणूस, त्याला खरं तर ते आवडायला हवं होतं. पण या चार वर्षांत त्याला डोंगराची चटक लागली होती. धुक्यात मादामचं पहिलं फूल उघडलं की तो टोपी काढायचा. घरी आला आणि जेवलाच नाही. समोर फराटा, म्हणजे इकडचा पराठा, आणि टोमॅटोचं झणझणीत कालवण रुगाय तसंच गार झालं.

लोलोत म्हणाली, "तुझ्या त्या मादामला अजून दिवस गेले नाहीत म्हणून तू का उपाशी?"

"थट्टा नको. मला चौकात घालतायत."

"बरं होईल. बसमधून जाताना मी हात करीन."

पण रात्रभर तीही कूस बदलत होती, हे त्याला कळत होतं.

मग आन्सेल्मने कोंबडीचं पीस आणलं. फुलातला पराग फुलाला लागला की फळ धरतं, एवढं त्याने मिसकडून ऐकलं होतं. तो आठ दिवस पिसाने फुलांना गुदगुल्या करत बसला. ज्या फुलातून पराग घ्यायचा त्याच फुलाला लावायचा. पण मादामची चाल निराळी. तिचं फूल आधी काही दिवस नवरा असतं, नुसता पराग देतं, आणि तो सरला की मग बायको होतं. नवऱ्याचा पराग नवऱ्यालाच लावून काय व्हायचं? वर आन्सेल्मची चहाकापणीची बोटं. बारा फुलं गळून पडली.

मधमाश्या येत होत्या, पण त्या लबाड. बाजूने शिरायच्या, रस प्यायच्या, आणि परागाला अंगही न लावता पसार.

एका सकाळी लोलोत पडवीत पानं सोलत बसली होती आणि स्वयंपाकघरातल्या पाहुण्यांना शिव्या घालत होती. हे पाहुणे म्हणजे हिरव्या पाली. आपल्याकडच्या त्या करड्या, भिंतीवर चुकचुकणाऱ्या नव्हेत. ही दिवसा हिंडणारी जात, पोपटासारखी हिरवी, पाठीवर लाल ठिपके, शेपूट निळं, आणि गोडाची हपापलेली. घरात आधी एखाद-दुसरी असायची. आता डझनभर होत्या. लोलोतने पेरूचा जॅम बरणीत भरला की झाकण लागायच्या आत एकीचं डोकं बरणीत. घट्ट गोड दुधाच्या डब्याला भोक पाडलं की त्या भोकावर जीभ.

"आन्सेल्म, ह्या सगळ्या तूच आणल्यास. पहिल्या वर्षी एकेका भाऱ्यातून पाच-सहा भाडेकरू उतरायचे. भाडं नाही, ओळख नाही, सरळ जॅमवर."

"मग हाकल."

"हाकलून जातायत कुठे? घर तूच कापलंस त्यांचं." असं म्हणून ती पुन्हा पानाकडे वळली, आणि वळता वळता थांबली. टेबलावर एक पाल जॅमच्या बरणीत मानेपर्यंत शिरली होती. बाहेर आली तेव्हा हनुवटीपासून कपाळापर्यंत लाल. तशीच दुडुदुडु साखरेच्या भांड्याकडे गेली, त्यात डोकं घातलं, आणि पांढऱ्या साखरेवर जॅमचा लाल टिळा उमटला. लोलोत चार वर्षं हा टिळा पाहत होती, आणि चार वर्षं त्याचा आळ नवऱ्याच्या चमच्यावर घेत होती.

"इकडे ये," ती म्हणाली. "तुझ्या मादामच्या फुलात गोड असतं का काही?"

"असतं की. तळाशी. मी बोट घालून चाखलंय."

"आणि तो पराग कुठे असतो?"

"तोंडाशी. आत डोकं घालायचं झालं तर..." आन्सेल्मचं वाक्य तिथेच राहिलं. त्याने साखरेकडे पाहिलं. मग पालीकडे. मग पडवीत रचलेल्या वाकव्याच्या भाऱ्यांकडे.

लोलोतने त्याच्यावर दया केली नाही. "मादामची माणसं तू भारे बांधून माझ्या घरी आणून टाकलीस. आणि मग म्हणतोस, मादामकडे कुणी का येत नाही."

"पण जाळीत अजून दोन-तीन तरी असतील ना?"

"असतील. राहतील कुठे? तुझ्या टोपीत? ससाणा वरून घिरट्या घालत असताना पाल मोकळ्यावरून फुलापर्यंत जाईल का? वाकव्याच्या काट्यांत बसायचं, फुलावर उडी मारायची, प्यायचं आणि परत काट्यांत. व्हिर्जील खरं बोलत होता. त्याने काही केलं नाही म्हणून ते पसारे राहिले."

वाकव्याला नवी पानं फुटून पूर्वीसारखा पसारा व्हायला दोन-तीन वर्षं लागली असती, आणि मादामची फुलं दोन-तीन महिन्यांची. आन्सेल्म डोकं धरून बसला. लोलोत उठली, तिने आपल्या वर्षभराच्या वाळवलेल्या पानांच्या राशीकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "मापाची सुतळी आण. त्या बोडक्यांच्या डोक्याचा घेर किती आहे?"

पुढचे दहा दिवस ती पिशव्या विणत नव्हती, टोप विणत होती. वाकव्याच्या पानांचा वाकव्यालाच टोप. खाली गोल पट्टी, खोडावर घट्ट बसेल अशी, मधे कोंबाला वाट, आणि त्यातून बाहेर येणारी, पडवीतल्या न सोललेल्या भाऱ्यांतली लांबलचक पानं, काट्यांसकट, जुन्या झग्यासारखी खाली लोंबलेली. आन्सेल्म शिडीवर चढून एकेक टोप बसवायचा. आठ बसले तेव्हा तो खाली उतरून मागे सरला आणि म्हणाला, "तिसरा जरा डावीकडे लोंबतोय. टोकं सारखी करू का?"

लोलोतने शिडी हलवली. ती रिकामी होती, पण इशारा त्याला पोचला.

उरले पाहुणे. या पालींना हाताने धरलं तर शेपूट तर जातंच, कातडंही निसटतं. लोलोतने युक्ती काढली. स्वयंपाकघरात ठिकठिकाणी सैल भारे उभे केले आणि प्रत्येकाच्या पोटात झाकणभर जॅम ठेवला. संध्याकाळी पाली खाऊन तिथेच मुक्कामाला. पहाटे गारव्यात त्या सुस्त असतानाच तिने भारे तांतांमध्ये घातले, तोंडं शिवली, आणि दोघं डोंगर चढली. वाटेत शेजारीण भेटली.

"एवढा कसला बाजार घेऊन वर चाललात?"

"सासरची माणसं आहेत," लोलोत म्हणाली. "परत पोचवतेय."

टोपाटोपांत भारे मोकळे केले. अकरा पाली निघाल्या. एकीने मादामकडे न पाहता सरळ आन्सेल्मच्या डब्याचा वास घेतला. तो म्हणाला, "जॅमवर वाढलेल्या ह्या. ह्या कष्ट करतील का?"

"तू डबा झाक, म्हणजे करतील."

त्याने झाडून टाकलेला पाचोळाही परत आणून पसरला. स्वतःच्या हाताने लख्ख केलेल्या अंगणात पोत्याने कचरा ओतताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण आठवड्यात त्या पाचोळ्यात सळसळ सुरू झाली. तपकिरी, बोटाएवढ्या सापसुरळ्या कुठून कुठून येऊन राहिल्या आणि मादामचे कोवळे कोंब कुरतडणारे किडे टिपायला लागल्या. आन्सेल्म दगडामागे पालथा पडून बघत राहायचा. तिसऱ्या दिवशी टोपाखालून एक निळं शेपूट आलं, फुलावर चढलं, आत डोकं घातलं. बाहेर आली तेव्हा पालीच्या कपाळाला पिवळी भुकटी. ती शेजारच्या फुलात शिरली. आन्सेल्मने टोपी काढली, आणि आपण कुणापुढे काढतोय हे त्यालाच नीट ठरवता येईना.

मादामला सात फळं धरली.

मिसला निरोप गेला. ती म्हणाली, पिकली की गुरुवारी येते, तोपर्यंत एकालाही हात लावू नका. पण फळ पिकलं की त्याच्या अंगावर गोड, बुळबुळीत चिकटा सुटतो, आणि बारीक बिया त्या चिकट्यातच असतात. ज्यांनी फुलं चाखली होती त्यांनी फळं का सोडावी? सोमवारी पहिलं फळ चाटून कोरडं. मंगळवारी दोन. बुधवारी तीन. आन्सेल्म टोपीने हाकलत होता, पण अकरा जणींपुढे एक टोपी.

बुधवारी घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "एक उरलंय. आणि ती बाई फळं मोजायला येतेय. चौक पक्का समज."

लोलोतने काडेपेटी पुढे केली. "हे घे."

उघडून पाहिलं तर आत पालींच्या लेंड्या. टोपाच्या पट्ट्यांवरून तिने वेचून आणल्या होत्या. एक नखाने फोडून दाखवली, आत खसखशीसारख्या बिया.

आन्सेल्मने एक बी बोटावर घेऊन उजेडात धरली. मग म्हणाला, "समुद्रातल्या त्या छोट्या बेटावर मंडळाने मला शिकायला पाठवलं होतं, आठवतं? तिथे सापसुरळ्या हाताएवढ्या. एकीने माझा पाव पळवला, मधल्या मिरचीवड्यासकट. मी मागे धावलो तर तिथली माणसं हसायला लागली. म्हणे, पळू द्या, इथली अर्धी झाडं ह्यांनीच लावलीत. फळ खातात, लांब जाऊन बसतात, आणि रोप उगवतं. मला वाटलं, पावाचे पैसे द्यावे लागू नयेत म्हणून सांगतायत."

"आणि हे तू मला आज सांगतोयस."

"पाव गेला ते सांगितलं होतं."

"पाव गेला ते सोळा वेळा सांगितलंस."

गुरुवारी मिस पायनीआंडी वर आली तेव्हा लोलोतही बरोबर होती. जाळीच्या आत पाऊल टाकताच मिस उभीच राहिली. "तोंतों, ह्या झाडांच्या डोक्यावर काय आहे?"

"टोप आहेत, मिस."

ती काही बोलणार, तेवढ्यात आन्सेल्मला दिसलं की शेवटच्या फळावर एक पाल येऊन बसली आहे. त्याची नोकरी, तो डोंगर, ती तीन वर्षं, सगळं त्या सुपारीएवढ्या फळात, आणि त्यावर जीभ फिरत होती. त्याने टोपी उगारली.

"हात तसाच ठेवा," मिस हळू आवाजात म्हणाली. "हलू नका. श्वाससुद्धा जपून."

हात वर, हातात टोपी, असा आन्सेल्म उभा. मिस गुडघ्यांवर बसली, भिंग डोळ्याला लावलं. पालीला घाई नव्हती. तिने फळ वरून चाटलं, खालून चाटलं, मधे थांबून जिभेने स्वतःचा डोळा पुसला, पुन्हा चाटलं. आन्सेल्मचा खांदा भरून आला. लोलोत मागून पुटपुटली, "चौकात असतास तर पोलीस समजून ट्रक थांबले असते."

पाल तृप्त होऊन टोपात गेली तेव्हा फळाचं टरफल उरलं होतं. आन्सेल्मने हात खाली घेतला. "मिस, सात धरली होती. देवाशपथ. आता दाखवायला एकही नाही."

मिस उठली. ती सातही देठ मोजून आली. वाकव्याचा टोप उचलून आत पाहिलं. मग लोलोतने काडेपेटी तिच्या हातात ठेवली. उघडल्यावर मिसचा चेहरा असा झाला की आन्सेल्मने तिला इतकी वर्षं ओळखत असूनही तसा कधी पाहिला नव्हता. ती पाचोळ्यात मांडी घालून बसली आणि वहीत भराभर लिहायला लागली.

"काय लिहिताय?" आन्सेल्मने भीत भीत विचारलं.

"फळं सात. सातही खाल्ली गेली. खाणाऱ्यांनीच परागही वाहिला, बियाही वाहिल्या. राखणदार इथेच हवा." ती मान वर न करता म्हणाली, "पण एका अटीवर. हत्यारं माझ्याकडे जमा करा."

आन्सेल्मने कोयता दिला. मिसने हात तसाच पुढे ठेवला. त्याने कमरेची मोठी कात्री दिली. हात अजून पुढेच. लोलोतने खाकरून त्याच्या पायाकडे पाहिलं. त्याने वाकून मोज्यातून बोटभर कात्री काढली आणि दिली.

"दाढीचा वस्तरा घरी आहे," तो म्हणाला.

"तो तुमच्या तोंडापुरता राहू द्या."

"मी लक्ष ठेवते," लोलोत म्हणाली.

उतरताना लोलोत पुढे, आन्सेल्म मागे. जाळीच्या दाराजवळ एक नेचा वाटेवर आडवा झुकला होता, नेमका तोंडावर येईल असा. आन्सेल्मचा हात आपसूक कमरेला गेला, तिथे काही नव्हतं. तो क्षणभर उभा राहिला, मग वाकला आणि नेच्याच्या खालून पलीकडे गेला.